‘कृष्णाकाठ’ : अविश्वास ठरावाच्या आठवड्यात वाचलेलं पुस्तक

तहसीलदार कचेरीची नोटीस मंगळवारी घरी आली. सरपंचांविरुद्ध अविश्वास ठराव, विशेष सभा पुढच्या सोमवारी सकाळी अकरा वाजता. सरपंच म्हणजे मी. मधल्या सहा रात्रींत मी यशवंतराव चव्हाणांचं आत्मचरित्र ‘कृष्णाकाठ’ वाचून काढलं. म्हशींच्या धारा, डेअरी, पोरांचं जेवणखाण उरकून रात्री साडेनऊला बसायचं ते एक-दीडपर्यंत. त्यानंतर हे पुस्तक मी आणखी दोनदा वाचलं आणि स्वतःची प्रत विकत घेतली. ते कुणी घ्यावं, त्यात काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे सांगावंसं वाटतं, कारण आमच्या भागात यशवंतरावांचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं, पण हे पुस्तक वाचलेली माणसं फार थोडी भेटतात.

मी वाचली ती प्रत गावच्या वाचनालयातली. पुठ्ठा सुटलेला, पाठीला चिकटपट्टी लावलेली, आतल्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का नऊ वर्षांपूर्वीचा. वाचनालय बघणारे गुरुजी नोटिशीची बातमी ऐकून स्वतः घरी आले होते. “सरपंचबाई, ठरावाचं व्हायचं ते होईल. तुम्ही हे वाचा,” एवढंच म्हणाले आणि पुस्तक कट्ट्यावर ठेवून गेले.

आमच्या घरात हे पुस्तक येणं साधी गोष्ट नव्हती. आमचं गाव कुंडलपासून दहा-बारा किलोमीटरवर. आमचे आजेसासरे पत्री सरकारात, म्हणजे ब्रिटिशांविरुद्धच्या साताऱ्याच्या भूमिगत प्रतिसरकारात, निरोप पोचवायचं काम करायचे. पुढे घर शेतकरी कामगार पक्षाचं झालं आणि १९५७ च्या निवडणुकीत घरातलं एकूण एक मत मुंबईसह मराठी राज्य मागणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र समितीला पडलं. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामांना, ते सगळं तोंडपाठ. त्यांनी मुखपृष्ठावरचं नाव वाचलं आणि पुस्तक पालथं ठेवलं. “ह्या माणसानं फलटणला नेहरूंना थोरलं म्हटलं आणि महाराष्ट्राला धाकटं. त्याचं पुस्तक आपल्या घरात?” मी काही बोलले नाही. पण मामांच्या ह्या प्रश्नाला पुस्तकात उत्तर आहे का, हे शोधतच मी पहिलं पान उघडलं, हे खरं.

पुस्तकाचे तीन भाग आहेत : ‘जडण-घडण’, ‘वैचारिक आंदोलन’ आणि ‘निवड’. १२ मार्च १९१३ ला देवराष्ट्रे गावात आजोळी झालेल्या जन्मापासून १९४६ मध्ये मुंबईला निघेपर्यंतची ही हकिकत आहे. मुख्यमंत्रिपद, दिल्ली, संरक्षण खातं ह्यातलं काहीही इथे नाही. ज्यांना सत्तेच्या आतल्या गोष्टी हव्यात त्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावं, नाहीतर अर्ध्यावर कंटाळा येईल. मला मात्र त्या आठवड्यात नेमकं हेच हवं होतं. खुर्ची मिळण्याआधी माणूस कशानं घडतो आणि त्याची किंमत कोण कोण भरतं, हे.

पहिला भाग सगळ्यात रसाळ. देवराष्ट्रे आम्हाला परकं नाही. श्रावणी सोमवारी सागरेश्वराला आम्ही दरवर्षी जातो. बाळंतपण अडलं तेव्हा आजीनं त्याच सागरोबाला साकडं घातलं, लेकीला यश दे, तुझी आठवण म्हणून पोराचं नाव यशवंत ठेवीन, ही गोष्ट ह्या पुस्तकामुळे मला कळली. इतकी वर्षं त्या देवळाच्या पायऱ्या चढत होते आणि ठाऊक नव्हतं. वडील बळवंतराव कोर्टात बेलीफ. प्लेगच्या साथीत ते गेले तेव्हा यशवंता अगदीच लहान. थोरले भाऊ ज्ञानोबा वडिलांच्या जागी नोकरीला लागले आणि आई विठाबाईंनी कऱ्हाडात संसार ओढला. गरिबीचं वर्णन करताना लेखक आवाज चढवत नाही. रडवत नाही, मिरवतही नाही. घरात काय होतं आणि काय नव्हतं ते सांगतो आणि पुढे जातो. आमच्याकडे कार्यकर्ते भाषणाची सुरुवातच ‘मी गरिबीतून वर आलो’ अशी करतात. त्यांनी ही पानं एकदा वाचावीत.

मधले भाऊ गणपतराव ह्यांच्याबद्दल तर मी प्रत्येकाला सांगते. हा माणूस हुशार, पण घरासाठी त्यानं स्वतःचं शिक्षण सोडलं आणि धाकट्याचं चालू ठेवलं. विचारानं तो सत्यशोधक, ब्राह्मणेतर चळवळीकडे ओढ असलेला. धाकटा काँग्रेसकडे, गांधींकडे चाललेला. दोघांचे वाद व्हायचे, पण पैसा, वेळ, पाठिंबा कशातच गणपतरावांनी हात आखडता घेतला नाही. एका घरात दोन मतं राहू शकतात आणि घर मोडत नाही, हे मला त्या आठवड्यात वाचायला मिळालं ते बरं झालं. कारण ठरावावर सही करणाऱ्यांत माझा चुलत दीरही होता.

आता ठराव कशासाठी आला ते सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. गावात सिमेंटचं गटार झालं होतं. बिलात लांबी एकशे चाळीस मीटर. मी ग्रामसेवकांना आणि शिपायाला घेऊन टेप धरला तेव्हा ब्याण्णव भरली. दुसऱ्या दिवशी परत मोजली, तेवढीच. मी चेकवर सही केली नाही. चेकला सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्या सह्या लागतात, त्यामुळे बिल अडकलं. ठेकेदार ज्यांच्या जवळचा, ते गावातलं वजनदार माणूस. महिन्याभरात ‘सरपंच विश्वासात घेत नाहीत, मनमानी करतात’ असा मजकूर तयार झाला आणि अकरापैकी आठ जणांच्या सह्या झाल्या. त्यातल्या तीन बायका माझ्याबरोबर प्रचाराला उन्हातान्हात फिरल्या होत्या. एकीच्या लेकीच्या बारशाचं जेवण माझ्या अंगणात झालं होतं.

गुरुवारी संध्याकाळी मध्यस्थ आले. गावातले वडीलधारे, मन वाईट नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की सरपंचांनी वाड्यावर यावं, ‘चुकलं’ म्हणावं, बिलावर सही करावी, ठराव मागे घेतला जाईल. आमचे हे दारात उभे राहून ऐकत होते. ते गेल्यावर आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, “म्हणून टाक की बाई. जीभ झिजती का? चार दिवसांत सगळी विसरतील.” त्यांना माझी काळजी होती. माझा थोरला त्या वर्षी दहावीला होता, घरात सारखी माणसं येत-जात होती, आणि त्यांना ते बघवत नव्हतं.

त्या रात्री मी जेलचा भाग वाचत होते. २६ जानेवारी १९३२ ला झेंडा लावला म्हणून यशवंतरावांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. वय तेव्हा एकोणिसाच्याही आत. मामांना मोतीबिंदूमुळे वाचता येत नाही, पण झोपही लागत नव्हती. ते अंथरुणावरूनच म्हणाले, “मनात काय वाचतीस, मोठ्यानं वाच.” मी मोठ्यानं वाचायला लागले. विठाबाई मास्तरांबरोबर पोराला भेटायला येतात. मास्तर सुचवतात, की माफी मागितली तर साहेब सोडतील. आणि ती निरक्षर बाई मास्तरांनाच झापते. माफी कसली मागायची? पोराला म्हणते, तब्येतीला जप, देव आपल्या पाठीशी आहे. आणि निघून जाते.

आत्या परातीत पीठ चाळत होत्या. चाळणीचा आवाज थांबला. मी वर बघितलं तर त्यांची नजर चाळणीवरच. “परत वाच,” म्हणाल्या. मी परत वाचलं. त्यांनी काही विचारलं नाही, पीठ डब्यात भरलं, परात धुतली आणि झोपल्या. सकाळी मध्यस्थ पुन्हा आले तेव्हा चहाचे कप त्यांनी स्वतः बाहेर नेले आणि म्हणाल्या, “ती काही वाड्यावर यायची नाही.” मी आतच होते. मला बाहेर यावंच लागलं नाही.

पुस्तकाचं परीक्षण लिहिताना घरचं किती सांगावं, हा प्रश्न मला पडलाच. पण हे पुस्तक आमच्या घरात कसं वाचलं गेलं हे सांगितल्याशिवाय त्याची ताकद मला सांगता येत नाही. लेखकानं तो प्रसंग दहा-बारा ओळींत उरकला आहे. आईची थोरवी गाणारं एकही मोठं विशेषण नाही. म्हणूनच तो माझ्या स्वयंपाकघरापर्यंत पोचला. विठाबाई पोरांना धीर द्यायला एक ओवी म्हणायच्या, चंद्रसूर्यावर ढग येतात तसे ते जातातही, अशा अर्थाची. ती आता आत्यांना पाठ आहे.

जेलमधलं शिक्षण हा ह्या भागातला दुसरा खजिना. येरवड्याच्या कॅम्प जेलमध्ये आचार्य भागवत, रावसाहेब पटवर्धन ह्यांच्यासारखी माणसं भेटली, आणि कऱ्हाडच्या पोराला वाचनाची, चर्चेची, वेगळं मत शांतपणे ऐकून घेण्याची सवय लागली. सुटून आल्यावर मॅट्रिक, मग कोल्हापूरचं राजाराम कॉलेज, १९३८ ला बी.ए., पुण्यात १९४१ ला एलएल.बी. मधली अठरा महिन्यांची खोट त्यांनी कधीच खोट मानलेली दिसत नाही.

शाळेतल्या त्या प्रसिद्ध उत्तराची गोष्टही इथेच आहे. मोठेपणी कोण होणार असं सरांनी विचारल्यावर बाकीच्या मुलांनी थोरामोठ्यांची नावं सांगितली आणि ह्यांनी ‘मी यशवंतराव चव्हाण होणार’ असं सांगितलं. आता ते वाक्य शाळांच्या भिंतींवर रंगवलेलं असतं. पुस्तकात वाचलं की कळतं, त्यात ऐट नाही. दुसऱ्याचा शिक्का मारून घ्यायचा नाही, एवढाच त्या पोराचा हट्ट.

दुसरा भाग, ‘वैचारिक आंदोलन’, मला जड गेला. पहिल्यांदा वाचताना मी तिथली बरीच पानं भरभर उलटली, हे कबूल करते. समाजवादी, रॉयवादी, काँग्रेसमधले निरनिराळे गट, नावांमागून नावं. ज्यांना त्या काळाची ओळख नाही त्यांच्यासाठी टिपा असत्या तर फार उपयोग झाला असता. तिसऱ्या वाचनात मात्र ह्याच भागात मला एक मोठी गोष्ट सापडली. मानवेंद्रनाथ रॉय ह्यांच्या विचारांचा यशवंतरावांवर खोल परिणाम झाला होता. १९३९ ला महायुद्ध पेटलं, आणि फॅसिझमविरुद्ध ब्रिटिशांना युद्धात साथ द्यावी असं रॉय म्हणू लागले. इथे ह्या तरुणानं त्यांची साथ सोडली. गुरूबद्दल वाईट शब्द न काढता सोडली. आपण ज्यांना मानतो त्यांच्यापासून कुठल्या वळणावर वेगळं व्हायचं आणि होताना कसं बोलायचं, हे राजकारणातलं अवघड काम. गावपातळीवर तर ते आणखी अवघड, कारण संध्याकाळी त्याच पारावर बसायचं असतं.

१९३७ च्या निवडणुकीचा भागही चुकवू नये. शेतकरी घरातल्या आत्माराम बापू पाटलांना काँग्रेसचं तिकीट मिळावं म्हणून हा कॉलेजचा विद्यार्थी धडपडला आणि गावोगाव फिरला. सातारा जिल्ह्याचं राजकारण वकील-सावकारांच्या ओसरीवरून शेतकऱ्याच्या बांधावर कसं आलं, ते तिथे उघड दिसतं.

मग येतं १९४२. २ जूनला कऱ्हाडात वेणूताईंशी लग्न. त्या फलटणच्या मोऱ्यांच्या. ऑगस्टमध्ये चळवळ पेटली आणि नवरा भूमिगत. कचेऱ्यांवरचे मोर्चे, वडूज आणि इस्लामपूरचा गोळीबार, हे सगळं आमच्या मातीतलं. मामांना मी ही पानंही वाचून दाखवली आणि ते गावांची नावं माझ्या आधी घ्यायला लागले. मोर्चे ठरवणाऱ्यांत आपण होतो आणि माणसं मेली, ह्याचं ओझं लेखकाच्या वाक्यांत जाणवतं. पकडून देणाऱ्याला हजार रुपयांचं इनाम लागलेलं असतानाही ह्या पानांवर शौर्याचा डांगोरा नाही.

घराची मात्र परवड झाली. लग्नानंतरच्या पहिल्याच संक्रांतीला पोलिसांनी वेणूताईंना धरून नेलं. राजकारणाशी त्या मुलीचा तोवर काय संबंध होता? गणपतरावांना अटक, थोरले ज्ञानोबा त्याच काळात दगावले, आणि वेणूताईंची प्रकृती त्या धक्क्यानं जी ढासळली ती कायमची. त्या आजारी असल्याचं कळल्यावर यशवंतराव १९४३ मध्ये फलटणला त्यांना भेटायला गेले आणि तिथेच पकडले गेले. हा भाग मी एका बैठकीत वाचू शकले नाही. मध्ये उठून थोरल्याच्या खोलीत जाऊन आले. तो पुस्तकावर डोकं ठेवून झोपला होता.

इथे माझी एक तक्रार आहे आणि ती मनापासून आहे. वेणूताईंनी काय सोसलं ते लेखक सांगतो, कृतज्ञतेनं सांगतो. पण त्यांना त्या दिवसांत काय वाटलं असेल, त्या काय बोलल्या असतील, हे फार थोडं येतं. कोठडीत गेलेली नवी नवरी बाहेर आल्यावर नवऱ्याला एक शब्दही बोलली नसेल, असं मला वाटत नाही. पुस्तक आलं १९८४ च्या सुरुवातीला. वेणूताई १ जून १९८३ लाच गेल्या होत्या. कदाचित त्या जखमेला हात लावणं लेखकाला जमलं नसेल. पण राजकारणात पडलेल्या माणसाच्या घरच्या बाईचं मन वाचायला मिळालं असतं, तर पुस्तक आणखी वरच्या पायरीवर गेलं असतं.

तिसरा भाग, ‘निवड’, लहान आहे आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगाचा. १९४६ ला ते सातारा जिल्ह्यातून मुंबई विधानसभेवर निवडून गेले आणि पार्लमेंटरी सेक्रेटरी, म्हणजे मंत्र्याच्या हाताखालचं पद, घ्यावं असं बोलावणं आलं. मन तयार नाही. पद धाकटं वाटतं, चळवळीतून सरकारात जाणं पटत नाही, घर पुन्हा वाऱ्यावर पडेल ही धास्ती. ते लगेच होकार देत नाहीत आणि रागानं नकारही देत नाहीत. घरी येतात, भावाशी बोलतात, मित्रांशी बोलतात, स्वतःशी बोलतात, आणि मग कृष्णाकाठ सोडून मुंबईची वाट धरतात. तिथे पुस्तक संपतं. मला ते वाचून फार शरमल्यासारखं झालं. माझी सरपंचपदाची निवड अर्ध्या तासात झाली होती. महिला राखीव जागा, आमच्या पॅनेलमधून मी बारावी शिकलेली, सगळ्यांनी माझं नाव घेतलं आणि मी मान हलवली. काय सोडावं लागेल, कुणाला सोसावं लागेल, हे मी घरात एकालाही विचारलं नव्हतं.

सोमवारच्या सभेचं सांगून टाकते. तहसीलदार अध्यक्षस्थानी होते. हात वर झाले ते आठच. महिला राखीव पदावरच्या महिला सरपंचाला काढायला तेव्हा तीन चतुर्थांश सदस्य लागत, म्हणजे अकरात नऊ. ठराव पडला. गटाराचं बिल पुढे ब्याण्णव मीटरचंच निघालं. ज्या कलम ३५ वर माझी खुर्ची टिकली ते ज्या कायद्यात आहे, तो ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा, यशवंतराव द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री असतानाचा. महिलांसाठीची तरतूद पुष्कळ नंतरची, ती त्यांची नव्हे. पण गावाचा कारभार गावानं करायचा ही घडी त्या वर्षांतली. १९६१ चा जिल्हा परिषद आणि पंचायत समिती कायदाही त्यांच्याच कारकिर्दीतला. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. हे मला पाच वर्षं त्या कार्यालयात बसून माहीत नव्हतं. भिंतीवर त्यांचा फोटो होता, दर १२ मार्चला हार घालत होतो.

आणि आता मामांचा प्रश्न. फलटणला ते असं का बोलले?

पुस्तकात उत्तर नाही. असूच शकत नाही, कारण ती गोष्ट डिसेंबर १९५५ ची आणि पुस्तक १९४६ ला थांबतं. यशवंतरावांच्या मनात तीन खंड होते : ‘कृष्णाकाठ’, मुंबईच्या वर्षांचा ‘सागरतीर’ आणि दिल्लीचा ‘यमुनाकाठ’. पहिला आला, आणि त्याच वर्षी २५ नोव्हेंबर १९८४ ला दिल्लीत ते गेले. बाकीचे दोन लिहायचेच राहिले. मराठीचं ह्याहून मोठं नुकसान मला आठवत नाही. कारण ज्या प्रश्नांवर लोक त्यांना आजही धारेवर धरतात ते सगळे त्या न लिहिलेल्या पानांत आहेत. संयुक्त महाराष्ट्र की नेहरू, ह्यावर बोलताना त्यांच्या मनात काय होतं? १९५७ ला पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेस धुतली गेली, कऱ्हाडात ते स्वतः निसटते आले, त्या रात्री ते कुणाशी काय बोलले? त्यानंतर नेहरूंना महाराष्ट्राबद्दल त्यांनी कसं पटवलं, की १ मे १९६० ला मंगल कलश आला? नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनच्या युद्धात ते संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ असं आपण अभिमानानं म्हणतो. पण परक्या शहरात, हरलेल्या सैन्यासमोर पहिल्या दिवशी त्यांना कसं वाटलं? गृह, अर्थ, परराष्ट्र अशी खाती सांभाळली. मग आणीबाणी. ते मंत्रिमंडळात होते. तेव्हाचं मौन त्यांना रात्री झोपू देत होतं का? १९७७ ला लोकसभेत विरोधी पक्षनेते, १९७९ ला उपपंतप्रधान, १९८० ला इंदिरा लाटेत उलट्या बाजूनं साताऱ्यातून विजयी, आणि लगेच पुढच्या वर्षी पुन्हा इंदिरा गांधींच्या पक्षात. ज्या माणसाच्या आईनं माफी मागू दिली नाही, त्याला ही परतीची वाट चालताना आई आठवली का?

हे मी त्यांना खाली ओढायला विचारत नाही. ‘कृष्णाकाठ’मध्ये ते स्वतःच्या द्विधा मनाबद्दल इतक्या सरळपणे लिहितात, की ह्या प्रश्नांचीही उत्तरं त्यांनी सरळ दिली असती असं मला खात्रीनं वाटतं. त्यांची भाषणं आणि लेखसंग्रह आहेत, पण भाषण वेगळं आणि स्वतःशी बोललेलं वेगळं. मामांना मी सांगितलं, उत्तर दुसऱ्या खंडात असणार होतं आणि तो खंड झालाच नाही. मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मग जेवढं झालंय तेवढंच परत वाच.” फलटणबद्दलचं त्यांचं मत बदललेलं नाही. पुस्तक मात्र आता पालथं ठेवत नाहीत.

भाषेबद्दल : सोपी, स्वच्छ, कऱ्हाडच्या बाजूचा बोलण्याचा सूर मधूनच येतो. वाक्यं लांब असली तरी अडत नाहीत. सातवी-आठवीच्या मुलाला पहिला भाग सहज वाचता येईल. माझ्या धाकट्यानं जेलपर्यंत वाचला. एक उणीव अशी, की लेखक कुणालाही दुखवत नाही. इतका सभ्यपणा, की काही ठिकाणी नेमकं कोण आडवं आलं होतं ते आपल्याला अंदाजानं ताडावं लागतं. गावच्या राजकारणात दहा वर्षं काढलेल्या बाईला तो अंदाज येतो, नव्या वाचकाला येईलच असं नाही.

घेताना प्रत चाळून घ्या. वाचनालयातल्या जुन्या प्रतीत कागद पिवळा असला तरी अक्षर डोळ्याला बरं होतं. मी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेतलेल्या प्रतीत मधली सोळा पानं उलटी शिवलेली निघाली. दुकानदारानं न कुरकुरता बदलून दिली. घरात कुणी वयस्कर असेल तर मोठ्यानं वाचा. आमच्या भागातल्या माणसाला गावांची नावं ऐकूनच निम्मं पुस्तक कळतं.

आणि कुणी घ्यावं, तर ज्या घरात ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचा अर्ज भरायचं चाललं आहे त्या घरानं आधी घ्यावं. पुढची निवडणूक मी हरले. त्यानंतर आमच्याच वॉर्डात उभी राहायला निघालेली एक सून माझ्याकडे कागदपत्रं कोणती लागतात ते विचारायला आली होती. जातीचा दाखला, शौचालयाचा दाखला, थकबाकी नसल्याचा दाखला, सगळं सांगितलं, आणि हे पुस्तक दिलं. तिला वेळ नव्हता, शेतात सोयाबीनची काढणी चालू होती. म्हटलं, सगळं नको वाचूस, तिसरा भाग तेवढा वाच, एका रात्रीत होतो. नवऱ्याला आणि सासूला शेजारी बसवून वाच, आणि अर्ज त्यानंतर भर.